लाकडी सांगाड्याची जुनी मोटार: दुरुस्तीचा योग्य क्रम

लाकडी मोटारीच्या दुरुस्तीत मेहनत वाया जाते ती बहुतेक वेळा एकाच कारणाने. काम शेवटच्या टोकाकडून सुरू होतं. लाकूड काळवंडलेलं दिसतं, म्हणून मालक ते घासतो, वरून व्हार्निशचे हात देतो आणि गाडी काही महिने सुंदर दिसते. आतली खालची पट्टी मात्र कुजतच असते. दार लागेनासं होतं, सांधे उघडतात आणि नुकतंच चकचकीत केलेलं सगळं पुन्हा सोडवावं लागतं. क्रम असा हवा: आधी गाडीचा आकार बांधून ठेवायचा, मग लोखंड, मग लाकूड, मग पाण्याची वाट आणि अगदी शेवटी चकाकी. पुढचे टप्पे याच क्रमाने दिले आहेत. त्यांची अदलाबदल करू नका.

आधी ओळखा: तुमच्या गाडीत लाकूड काय काम करतं?

मॉरिस मायनर ट्रॅव्हलर (1953 ते 1971) या गाडीची मागची बाहेरून दिसणारी ॲशची (ॲश नावाच्या झाडाच्या लाकडाची) चौकट शोभेची नाही. छत, मागची दारं आणि बाजूच्या काचा तिच्यावर उभ्या आहेत. ब्रिटनमधल्या वार्षिक वाहन तपासणीत ही चौकट गाडीच्या मूळ बांधणीचा भाग धरली जाते. एमजी टीसी किंवा मॉर्गनमध्ये ॲशचा सांगाडा पत्र्याखाली झाकलेला असतो. मिनी ट्रॅव्हलरची लाकडी पट्टी मात्र पोलादी पत्र्यावर वरून लावलेली सजावट आहे.

तिसऱ्या प्रकारातली गाडी असेल तर टप्पा 2 मधले टेकू आणि टप्पा 6 मधले तिरके जोड तुम्हाला लागणार नाहीत. पट्टीखालचा पत्रा गंजला आहे का ते बघा आणि पुढे चला. पहिल्या दोन प्रकारांत लाकूड भार वाहतं. तिथे लांबी (पुट्टी) भरून रंग मारणं ही दुरुस्ती नव्हेच, ती फसवणूक आहे आणि मागे बसणाऱ्याच्या जिवाशी खेळ आहे.

टप्पा 1: जागा, हत्यारं, नोंदी

छप्पर असलेली, कोरडी आणि सपाट जमिनीची जागा हवी. जमीन समतल नसेल तर पुढची सगळी मोजमापं खोटी ठरतात. धारदार पटाश्या, रंधा, गुण्या, बारीक टोकाचा टोच्या, लाकडातली ओल मोजणारं मीटर आणि पुरेसे क्लॅम्प जवळ ठेवा. क्लॅम्प नेहमीच कमी पडतात, म्हणून आधीच जास्त जमवा.

प्रत्येक सांध्याचे फोटो काढा: लांबून, जवळून आणि मोजपट्टी शेजारी धरून. स्क्रू कोणत्या भोकातून निघाला, पत्रा लाकडाच्या वर होता की खाचेत, रबरी पट्टी कुठून सुरू होऊन कुठे संपत होती, हे लिहून ठेवा. काढलेला तुकडा कितीही कुजलेला असो, काम पूर्ण होईपर्यंत टाकू नका. त्यातलं एखादं भोक किंवा खाचेची खोली अगदी शेवटी लागते.

सावधान: बॅटरी सोडवा. पेट्रोलची टाकी जवळ असेल तर ती काढून वेगळ्या जागी ठेवा. पुढे वेल्डिंग येणार आहे.

टप्पा 2: मोजमाप आणि टेकू

सर्वांत जास्त चुका इथे होतात, म्हणून घाई करू नका.

एकही स्क्रू सोडवण्याआधी गाडी स्वतःच्या चाकांवर, समतल जमिनीवर उभी असताना मापं घ्या. गाडी चेसिसच्या टोकांवर उचलली की मधला भाग लवतो आणि दारांच्या फटी बदलतात. त्या अवस्थेत बसवलेली चौकट गाडी खाली आली की पिळवटते. स्टँड लावावेच लागले तर चाकांच्या धुऱ्यांखाली लावा, म्हणजे वजन नेहमीच्या जागी पडेल.

काय मोजायचं: प्रत्येक दाराची फट वर, मध्ये आणि खाली. दाराच्या चौकटीचे दोन्ही कर्ण. मागच्या उघडणीचे दोन्ही कर्ण. छताच्या कडेपासून चेसिसवरच्या एखाद्या पक्क्या बिंदूपर्यंतची उंची, डावीकडे आणि उजवीकडे. आकडे कागदावर लिहाच, शिवाय एका लांब पट्टीवर खुणाही करून ठेवा. महिन्यांनंतर कागदावरच्या आकड्याबद्दल शंका येते, पट्टीवरच्या खुणेबद्दल येत नाही.

दार आधीच घासत असेल, तर आज मिळालेलं माप मूळचं नाही. अशा वेळी दार काढून त्याच्या बिजागऱ्या तपासा. पिना झिजल्या असतील तर त्या आधी बदला, दार परत लावा आणि मग मोजा. बिजागरीचा दोष लाकडाच्या माथी मारून चौकट कापणारे पुष्कळ आहेत.

मापं झाली की टेकू द्या. दाराच्या उघडणीत आडवी आणि तिरकी नळी किंवा जाड पट्टी बोल्टने बांधा. बाजूची चौकट निघणार असेल तर छताला आतून उभे टेकू द्या, खाली रुंद फळी ठेवा, म्हणजे भार एका बिंदूवर येणार नाही. टेकू नुसता पाचर मारून अडकवू नका. धक्का लागला की तो निसटतो.

तपासा: टेकू बसवल्यावर कर्ण पुन्हा मोजा. माप बदललं असेल तर टेकूनेच गाडी ढकलली आहे. तो सैल करून पुन्हा लावा.

टप्पा 3: कूज शोधणं

डोळ्यांवर विश्वास ठेवू नका. व्हार्निशखाली सोनेरी दिसणारं लाकूड आतून भुसा झालेलं असू शकतं आणि काळंकुट्ट दिसणारं लाकूड ठणठणीत असू शकतं. काळा डाग म्हणजे ओल येऊन गेल्याची खूण. तिथे कूज आहेच असं नाही.

टोच्याचं टोक लाकडात तिरकं खुपसा आणि उचला. निरोगी लाकडाची लांब ढलपी निघते आणि आवाज येतो. कुजलेलं लाकूड आवाज न करता आखूड तुकड्यांत तुटतं. त्यानंतर ओल मोजा. 20 टक्क्यांच्या वर ओल सातत्याने राहिली की बुरशीला वाढायला जागा मिळते. आज कूज नसली तरी तिथे पाणी कुठून येतं ते शोधावंच लागेल.

बघायच्या जागा नेमक्या आहेत: सर्वांत खालची आडवी पट्टी, तिच्यात उतरणाऱ्या उभ्या खांबांचे तळ, मागचे दोन्ही कोपरे, सरकत्या काचांच्या खाचा आणि जिथे जिथे लाकडाचं कापलेलं टोक उघडं आहे त्या जागा. लाकूड पाणी पितं ते बाजूने कमी आणि टोकाने फार जास्त. ॲश चिवट आहे, धक्का सोसते, वाफेवर वाकते. म्हणूनच मोटारी बांधणाऱ्यांनी ती निवडली. पण कुजण्याविरुद्ध तिच्याकडे नैसर्गिक संरक्षण जवळजवळ नाही, हे या संपूर्ण कामात लक्षात ठेवा.

पत्र्याखाली सांगाडा असेल तर पत्र्यावरून लाकडी मुठीने हलके ठोकत जा. जिथे आवाज बद्द येतो तिथे आतून गालिचा आणि अस्तर उचलून बघा.

तपासा: प्रत्येक भागावर खडूने तीनपैकी एक खूण करा: ठेवायचा, जोड द्यायचा, बदलायचा. यादी पूर्ण झाल्याशिवाय काढणी सुरू करू नका.

टप्पा 4: लोखंड आधी

लाकूड ज्यावर बसतं तो गाडीच्या तळाचा पत्रा, चाकांवरच्या कमानी आणि चेसिसचे टेकू आता दुरुस्त करा. नवं लाकूड बसवल्यावर त्याच्याशेजारी वेल्डिंग करणं म्हणजे लाकूड जाळणं. गंज काढा, पत्रा जोडा, प्राइमर आणि रंग द्या, बोल्टची भोकं साफ करा. नंतर लाकडाखाली जाणारी प्रत्येक जागा आताच रंगवून घ्या, कारण ती पुन्हा दिसणार नाही.

टप्पा 5: काढणी आणि फर्मा

एका वेळी एकच बाजू काढा. दुसरी बाजू जाग्यावर असली की ती नमुना म्हणून उपयोगी पडते. दोन्ही बाजू एकदम उघडल्या की हाती फक्त फोटो उरतात.

गंजलेला स्क्रू जोराने पिळला की डोकं तुटतं. तापलेली सोल्डरिंग इस्त्री डोक्यावर मिनिटभर टेकवा, थंड होऊ द्या, आधी किंचित आवळा आणि मग सोडवा. तरीही तुटलाच तर पोकळ ड्रिलने त्याच्याभोवतीचं लाकूड कापून तुकडा बाहेर काढा आणि त्याच जातीच्या लाकडाची गुडदी चिकटवा. गुडदीच्या रेषा मूळ लाकडाच्या रेषांना समांतर ठेवा.

पत्र्याची कड लाकडावर दुमडलेली असेल तर ती एकदाच आणि गरजेपुरतीच उघडा. प्रत्येक वाकवणीत धातू कडक होतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या वेळी दुमडीवर चिरतो.

फर्मा पातळ प्लायवुडचा करा. कुजलेल्या तुकड्यावरून फर्मा घेणं ही नेहमीची चूक आहे. कुजलेलं लाकूड आकसलेलं, दबलेलं, झिजलेलं असतं आणि तेवढंच कमी माप नव्या तुकड्यात उतरतं. शाबूत असलेल्या बाजूवरून फर्मा घ्या, उलटा करा आणि मग टप्पा 2 च्या मापांशी ताडून बघा. या गाड्या हाताने बांधल्या गेल्या, त्यामुळे डावं-उजवं तंतोतंत सारखं असेल असं गृहीत धरू नका. फर्म्यावर बाजू, वरचं टोक आणि बाहेरचं अंग ठळक लिहा.

टप्पा 6: लाकूड निवडणं आणि जोड देणं

लाकडाच्या रेषा तुकड्याच्या लांबीभर सरळ गेलेल्या हव्यात. गाठ नको. ओल 10 ते 12 टक्के असावी. वखारीतून आणलेलं लाकूड काही आठवडे तुमच्या कामाच्या जागेत आडव्या पट्ट्यांवर रचून ठेवा, मगच कापा. वक्र तुकडा सरळ फळीतून कापला तर वळणावर रेषा तुटतात आणि तिथेच तो मोडतो. खोल वळण असेल तर पातळ पट्ट्या साच्यावर वाकवून एकावर एक चिकटवा.

सागवान का नको, हा प्रश्न हमखास येतो. सागवान कुजत नाही हे खरं, पण तो ॲशइतका चिवट नाही. अंगच्या तेलामुळे त्याला गोंद धरायला त्रास होतो आणि रंगही मूळ चौकटीशी जुळत नाही. भार वाहणाऱ्या सांगाड्यात मूळची जातच वापरा.

जोड द्यायचा असेल तर दिसणारी कूज संपते तिथून रेषेच्या दिशेने आणखी चार बोटं पुढे कापा. बुरशीचे धागे डोळ्यांना दिसतात त्यापेक्षा आत गेलेले असतात. जोड तिरका हवा. उताराचं प्रमाण किमान 1:8, भार जास्त असेल तर 1:12. म्हणजे 30 मि.मी. जाडीच्या पट्टीत जोड निदान 240 मि.मी. लांब होईल. समोरासमोर टोकं टेकवून चिकटवलेला जोड धरत नाही, मग गोंद कोणताही असो. बोल्टच्या भोकाजवळ किंवा दुसऱ्या सांध्याच्या कुसवाजवळ (खाचेत शिरणाऱ्या टोकाजवळ) जोड आणू नका. जोडाची बाहेरून दिसणारी रेघ अशी ठेवा की पाणी तिच्यावरून वाहून जाईल, तिच्यात शिरणार नाही.

गोंदासाठी इपॉक्सी घ्या. साधा पांढरा गोंद सततच्या भाराखाली हळूहळू सरकतो. फेसाळणारा पॉलियुरेथेन गोंद फटी भरल्यासारखा दिसतो, पण त्या फेसात ताकद नसते. आधी दोन्ही पृष्ठांवर पातळ इपॉक्सी ब्रशने मुरवा, मग घट्ट केलेली इपॉक्सी लावा आणि क्लॅम्प हलकेच लावा. आवळून आवळून सगळी इपॉक्सी बाहेर काढली तर सांधा उपाशी राहतो. लाकडाला लाकूड टेकलं आणि कडेने बारीक ओघळ आला, इतकं पुरे. वाळल्यावर वर चिकट-मेणचट थर आला असेल तर तो पाण्याने धुऊन मगच घासा. नाहीतर तोच थर घासकागदाबरोबर लाकडात रगडला जातो आणि पुढचा हात धरत नाही.

सावधान: लाकडाचा भुसा आणि इपॉक्सीची धूळ दोन्ही फुप्फुसाला वाईट. मास्क आणि हातमोजे घालूनच काम करा.

टप्पा 7: कोरडी जुळणी

आता गोंद नाही, व्हार्निश नाही. सगळे तुकडे क्लॅम्प आणि मोजक्या स्क्रूंवर उभे करा, बोल्ट हाताने बसवा, दारं टांगा, काचा खाचेत सरकवून बघा. तयार विकत आणलेल्या तुकड्यांनाही हा नियम लागू आहे. त्यांची भोकं जुळणी झाल्यावरच पाडा.

कर्णांत 3 मि.मी. पेक्षा जास्त फरक असेल तर पुढे जाऊ नका. दार बळाने लावून बसत असेल तर ते बसलेलं नाही. रंध्याचा एक हात दाराच्या कडेला देण्याचा मोह होतो, पण आधी खांब ओळंब्यात आहे का ते बघा. दार तासून जुळवलेली चूक छतापर्यंत जाते.

तपासा: गाडी चाकांवर, टेकू सैल, दारं बंद. फटी टप्पा 2 च्या पट्टीशी जुळतात का? जुळल्या तरच उरलेली भोकं पाडा.

याच वेळी पाण्याची वाट काढा. खालच्या पट्टीच्या वरच्या अंगाला बाहेरच्या दिशेने थोडा उतार द्या. काचेच्या आणि पॅनेलच्या खाचांत तळाशी 6 मि.मी. ची निचऱ्याची भोकं पाडा. भोकाच्या आतल्या भिंतीलाही टप्पा 9 मध्ये व्हार्निश पाजायचं आहे. नाहीतर पाणी बाहेर काढायला केलेलं भोकच ते लाकडात शिरवतं.

टप्पा 8: डाग आणि संरक्षक

सगळं पुन्हा सोडवा. जुनं फिनिश स्क्रॅपरने आणि हलक्या हाताने घासून काढा. फार घासलं तर लाकूड पत्र्याच्या पातळीखाली जातं आणि तिथे पाणी साचतं. पोलादी लोकर वापरू नका. तिचे कण रेषांत अडकतात आणि व्हार्निशखाली गंजाचे ठिपके उठतात.

काळ्या डागांसाठी ऑक्झॅलिक ॲसिड. एक लिटर कोमट पाण्यात 50 ते 100 ग्रॅम, प्लास्टिकच्या भांड्यात. डागापुरतं लावू नका, पूर्ण तुकड्यावर सारखं लावा, नाहीतर पांढरा चट्टा पडतो. अर्ध्या तासाने भरपूर पाण्याने धुवा, शेवटच्या पाण्यात थोडा खाण्याचा सोडा घाला आणि तुकडा सावलीत पूर्ण वाळू द्या. कपडे धुण्याचं क्लोरीनचं ब्लीच लाकडाचे तंतू खराब करतं, ते टाळा.

सावधान: ऑक्झॅलिक ॲसिड विषारी आहे. चष्मा आणि हातमोजे हवेतच. नीट न धुतलेलं लाकूड कोरडं घासलं की तीच पूड नाकात जाते.

त्यानंतर संरक्षक द्रव, विशेषतः टोकांना आणि झाकल्या जाणाऱ्या अंगांना. तांबं असलेला संरक्षक ॲल्युमिनियमच्या पॅनेलला खातो, म्हणून तो घेऊ नका. जिथे गोंद लागायचा आहे ती पृष्ठं चिकटपट्टीने झाकून ठेवा.

टप्पा 9: व्हार्निश, सुट्या तुकड्यांवरच

गाडीवर बसवलेल्या चौकटीला व्हार्निश मारलं की नेमकं जिथे पाणी जातं तिथे, म्हणजे सांध्यांच्या आत आणि पॅनेलच्या मागे, व्हार्निश पोहोचत नाही. म्हणून प्रत्येक तुकडा सुटा असतानाच सहाही अंगांनी व्हार्निश करा. फक्त गोंदाची पृष्ठं कोरी ठेवा.

बोटींसाठीचं लवचिक, अतिनील किरण अडवणारं तेली व्हार्निश घ्या. पहिला हात निम्मा पातळ करून, दुसरा चतुर्थांश पातळ करून, पुढचे जसेच्या तसे. एकूण 6 ते 8 हात, मध्ये 320 नंबरचा घासकागद. टोकांना दोन हात जास्त. कडक दोन-भागी पॉलियुरेथेन काचेसारखं दिसतं, पण लाकूड हवामानाप्रमाणे फुगतं-आकसतं आणि तो थर सांध्यावर तडकतो. तडकीतून गेलेलं पाणी मग आत कोंडतं. रोज फिरणाऱ्या, उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीला मी श्वास घेऊ देणारं, पारदर्शक, बाहेरच्या लाकूडकामाचं फिनिश सुचवेन. त्याची चमक कमी असते, पण ते सोलून न काढता वरून नवा हात देता येतो.

जुन्या लाकडावर पारदर्शक इपॉक्सीचा पूर्ण थर देण्याचा सल्ला ऐकू नका. आत थोडी जरी ओल राहिली असेल तरी ती कायमची आत बंद होते.

सावधान: तेली व्हार्निशचे आणि जवस तेलाचे फडके गोळा करून कोपऱ्यात टाकले तर आपोआप तापून पेटू शकतात. ते उघड्यावर पसरून वाळवा किंवा पाणी भरलेल्या धातूच्या डब्यात ठेवा.

टप्पा 10: अंतिम जोडणी

आता क्रम पॅनेलचा. बऱ्याच गाड्यांत ॲल्युमिनियमचं पॅनेल चौकटीच्या खाचेत अडकलेलं असतं आणि चौकट बंद झाली की ते आत घालता येत नाही. म्हणून रंगवलेलं पॅनेल सांधा चिकटवण्याआधी खाचेत बसलेलं हवं. हे विसरणाऱ्यांना वाळलेला सांधा फोडावा लागतो.

पत्रा आणि लाकूड यांच्यामध्ये कायम मऊ राहणारं ब्यूटिल मॅस्टिक भरा. सिलिकॉन नको. ते लाकडाच्या छिद्रांत शिरलं की तिथे पुढे कधी व्हार्निश धरत नाही. मॅस्टिक पुरेसं घाला. स्क्रू आवळल्यावर ते सगळ्या कडेने बाहेर यायला हवं. जिथे आलं नाही, तिथे पोकळी आहे.

स्क्रू ॲल्युमिनियममधून जात असतील तर स्टेनलेसचे घ्या आणि त्यांचं धड मॅस्टिकमध्ये बुडवा. पितळ ॲल्युमिनियमशेजारी ओलीत आलं की ॲल्युमिनियम झिजतं. लाकडातून लाकडात जाणाऱ्या जागी पितळ चालतं, पण पितळी स्क्रू आवळताना मोडतो. आधी त्याच मापाचा पोलादी स्क्रू घालून आटे पाडा, तो काढा, पितळी स्क्रूला मेण लावा आणि मग बसवा. ॲशमध्ये आधी भोक पाडल्याशिवाय कोणताही स्क्रू घालू नका, चीर जातेच. स्क्रूच्या खोबणी उभ्या ठेवा, आडव्या खोबणीत पाणी थांबतं.

गोंद ओला असतानाच कर्ण शेवटचे मोजा. टेकू मात्र गोंद पूर्ण पक्का झाल्यावरच काढा.

टप्पा 11: पाण्याची चाचणी

अस्तर, गालिचा आणि बैठकी बसवण्याआधी पाणी सोडा. आत एक जण टॉर्च घेऊन बसेल, सांध्यांवर खडूची पूड भुरभुरलेली असेल. नळीने मध्यम धार खालच्या पट्टीवरून सुरू करा आणि हळूहळू वर न्या. वरून सुरुवात केली तर सगळंच भिजतं आणि गळती नेमकी कुठली ते कळत नाही. दाबाच्या धारेचं यंत्र इथेही नको आणि नंतर धुतानाही नको.

निचऱ्याच्या भोकांतून पाणी बाहेर पडताना दिसलं पाहिजे. ते दिसलं नाही तर भोक मॅस्टिकने बुजलं आहे. बारीक तारेने ते लगेच मोकळं करा.

नंतरची देखभाल

व्हार्निशला ओरखडा गेला की त्याच आठवड्यात तो बुजवा. दर वर्षी हलकं घासून दोन हात द्या. पिवळं-पांढरं पडून थर सुटायची वाट पाहू नका. निचऱ्याची भोकं दोन महिन्यांतून एकदा तारेने साफ करा. हवा न खेळणाऱ्या प्लास्टिकच्या कव्हरखाली गाडी ठेवू नका. सतत तापवलेल्या, अति कोरड्या खोलीतही ठेवू नका, तिथे लाकूड आकसून सांधे उघडतात. गाडी धुतल्यावर दारं उघडी ठेवून खालची पट्टी फडक्याने पुसा आणि ओल मोजायचं मीटर अधूनमधून तिच्याच टोकांना लावून बघा.